तुरारचा दगडी चेहरा

पहिला सेट हातचा गेला, आणि कामशातने पुन्हा म्हाताऱ्याकडेच पाहिलं.

चौदा वर्षं या पोरीमागे तुरार धावत होता. आल्मातीच्या थंडीत पहाटे पाचला तिला उठवलं त्याने, गॅरेजच्या भिंतीवर चुन्याची रेघ मारून हजार हजार चेंडू मारून घेतले त्याने, रॅकेटच्या तारासुद्धा स्वतःच्या हाताने ओवल्या. आणि आज, पोरीच्या पहिल्या मोठ्या अंतिम सामन्यात, प्रत्येक फटक्यानंतर ती बघतेय कुणाकडे? तर लोकरीच्या नमद्याची उंच टोपी घालून रांगेच्या टोकाला बसलेल्या ओराझबायकडे. कष्ट कुणाचे आणि कौतुक कुणाचं!

पहिलं लेकरू आजी-आजोबांचं, ही कझाकांची रीत. तुरारनेही ती पाळली होती. कामशात चाळीस दिवसांची झाली आणि त्याच्या आईबापांच्या, ओराझबायच्या घरी गेली. ती म्हाताऱ्याला बाबा म्हणायला शिकली आणि जन्मदात्याला दादा. बाप आणि लेक एकाच माणसाला बाबा म्हणत. शेजाऱ्यांना त्यात गंमत वाटे, तुरारला वाटत नसे. बरं, वडिलांदेखत तिला जवळ घ्यायचीही सोय नाही, लाज असते तेवढी. धाकटी अकबोपे त्याला पप्पा म्हणे, गळ्यात पडे, रुसे. तीही दुहेरीत बरी खेळायची. पण हिरा तो हिराच, आणि तो दुसऱ्याच्या नावावर. मागच्या आठवड्यात वर्तमानपत्रवाल्याने विचारलं, यशाचं श्रेय कुणाला? कामशात म्हणाली, बाबांना. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याचा फोटो छापून आला, टोपीसकट. आज जिंकली तर माईकवर पुन्हा तेच म्हणेल, आणि सगळा देश ऐकेल.

बरं, म्हाताऱ्याला खेळातलं काही कळावं! सगळ्यांच्या माना चेंडूबरोबर डावी-उजवी फिरत, याची मान ढिम्म. कामशातचा फटका बोटभर बाहेर गेला, गुण समोरचीला मिळाला, आणि हा खुशाल हसून मान डोलावतो. मघाशी तिने फुकटचा गुण मिळवला तेव्हा मात्र तोंड पाडून बसला होता.

"पप्पा, आजोबांना टाळ्या कधी वाजवायच्या तेवढं तरी शिकवा," अकबोपे कुजबुजली.

तुरार हसला नाही. सामना चालू असताना तो कधीच हसत नसे. कोचचा चेहरा दगडाचा हवा, हे त्याचं पहिलं सूत्र. तो वाचता आला की समोरच्याला आपलं सगळं गुपित कळतं. गावोगावचे कोच म्हणत, तुरारची पोर जिंकतेय की हरतेय ते फलकावर बघा, त्याच्याकडे बघून काही उपयोग नाही.

तो उठून म्हाताऱ्याजवळ गेला.

"बाबा, तुम्ही जरा बाहेर बसता का? ती सारखी तुमच्याकडे बघते. लक्ष जातं तिचं."

ओराझबायने क्षणभर लेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "असेल रे. मला कुठे कळतंय त्यातलं," तो म्हणाला. गुडघ्यावर हात टेकून उठला, खिशातून सुकवलेल्या खारट दह्याची गोळी काढून अकबोपेच्या हातावर ठेवली आणि निघून गेला. तुरारला बरं वाटलं. मग बरं वाटलं याचीच लाज वाटली, आणि मग पुन्हा बरं वाटलं.

पण पुढचे पाच गेम काही धड झाले नाहीत. एक कसाबसा मिळाला, चार गेले. कामशात रिकाम्या खुर्चीकडे बघे आणि सर्व्हिस जाळ्यात मारी. बाजू बदलताना ती कठड्याशी आली. घाम पुसायचं सोडून तिने विचारलं,

"दादा, बाबा कुठेत?"

"बाहेर बसवलंय. तू खेळाकडे बघ."

"मग मला कळणार कसं?"

"काय कळायचंय? त्यांना गुण कुणाला मिळाला तेही समजत नाही. तू हरलीस तरी हसतात ते."

"ते खेळ बघतच नाहीत, दादा." कामशातचा आवाज चिरका झाला. "ते तुमच्याकडे बघत असतात. फटका तुम्हाला आवडला की त्यांचा चेहरा खुलतो, मग चेंडू बाहेर का जाईना. नाही आवडला की पडतो. लहानपणापासून मी तसंच शिकलेय. तुमच्या तोंडावरून मला आजपर्यंत काही म्हणजे काही कळलेलं नाही."

पंचांनी वेळ संपल्याचं सांगितलं. ती पाठ फिरवून गेली.

तुरार लोकांच्या पायांवरून धडपडत, माफी मागत दाराबाहेर पडला. म्हातारा पायऱ्यांवर उन्हात बसला होता, टोपी मांडीवर घेऊन. तुरार त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. चेहरा नेहमीसारखाच, दगडाचा.

ओराझबायने डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

"जिंकली वाटतं पोर."

"नाही बाबा. चार-एकने मागे आहे."

म्हाताऱ्याने लेकाचं तोंड पुन्हा एकदा नीट न्याहाळलं.

"मग तू एवढा खूश कसा रे?"