चौथऱ्यावरची मोहफुलं

केशोरीजवळच्या एका गावात गुणवंता पटले ग्रामसेवक म्हणून नव्यानेच रुजू झाले, आणि त्याच आठवड्यात आमदार शहीद स्मारकाला हार घालायला येणार असं कळलं. कार्यक्रमाच्या दिवशी तासभर आधी पटले पाहणीला गेले, तर स्मारकाच्या गुळगुळीत चौथऱ्यावर कोणीतरी मोहफुलं वाळत घातलेली, आणि बाजूच्या पळसाखाली एक म्हातारी निवांत बसलेली.

"आजी, उचला आधी हे! शहिदाची जागा आहे, काही मान ठेवाल की नाही? आमदारांनी हे पाहिलं तर माझी बदली होईल."

"काऊन ओरडून राहिला, बापू? आंगणात टाकली का बकऱ्या खाऊन जातेत. इथं माझा पोट्टा राखते."

पटल्यांनी चारही बाजूंना पाहिलं. पोट्टा काही दिसेना.

"कुठे आहे तो? बोलवा त्याला. ही फुलं टोपलीत भरू द्या."

म्हातारीनं दगडावर कोरलेल्या एकुलत्या एका नावावरची धूळ पदरानं पुसली.

"हा का, मनीराम. लहानपणी राखणीले बसवला का झोपून जाये, अन् अर्धी फुलं बकऱ्याच खात. आता मात्र पक्का जागा राहते."

पटल्यांनी पायातल्या चपला काढल्या.

 

आमदारांची गाडी आली, तेव्हा ग्रामसेवक हातात काडी घेऊन चौथऱ्यावरची बकरी हाकलत होते.