डावी पेटी

चिमटा खाडकन चुंबकाला चिकटला आणि फीत मधोमध फाटली.

व्हर्लिनने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "झालं. पुरे आता."

शेजारी त्याची बायको मार्लिस दिवा धरून उभी होती. सकाळपासूनची ही दुसरी फीत. ॲल्युमिनियमचा वर्ख तो, फुंकरीनेसुद्धा उडेल. दोन चुंबकांमधल्या फटीत तो कुठेही न शिवता अधांतरी बसवायचा, तेव्हा कुठे त्यातून वरचे बारीक सूर निघतात. मागच्या हिवाळ्यात उजव्या पेटीची फीत व्हर्लिनने नुसत्या बोटांनी बसवली होती. यंदा बोटं थरथरायला लागली म्हणून त्याने पोलादी चिमटा घेतला, आणि चुंबकाने तो हातातून ओढून घेतला.

परसातला अक्रोड वादळात पडला, त्याच्याच फळ्यांच्या या स्पीकरच्या दोन पेट्या. रंधा मारून, तेल पाजून आरशासारख्या केलेल्या. उजवी बोलत होती. डावी मुकी.

"शेजारच्या ड्वेनला फोन केलाय," व्हर्लिन म्हणाला. "येईलच गाडी घेऊन. म्हणाला, सशांना झकास खुराडी होतील."

"सशांना?"

"चांगलं लाकूड आहे. पडून कशाला राहू द्यायचं? तूच म्हणायचीस ना, तळघरात नुसता भुसा झालाय."

"लग्न झाल्यापासून म्हणतेय. आजच बरं ऐकायला लागलास!"

तो हसला नाही. मार्लिसने कपाटावरच्या टेपकडे पाहिलं. चर्चमधल्या नाताळच्या घंटावादनाची टेप होती ती. मार्लिस तेव्हा तरुण होती. रांगेच्या टोकाला, ऐकणाऱ्यांच्या डाव्या हाताला उभी राहून ती सगळ्यात लहान घंटा वाजवायची, आणि समोर मायक्रोफोन घेऊन व्हर्लिन बसलेला असायचा. घरातल्या कुठल्याच स्पीकरवर ती घंटा आजवर धड ऐकू आली नव्हती. "सगळ्यांच्या वाजतात, माझीच मेली कुठे जाते?" असं ती दर नाताळाला म्हणायची. त्यावरूनच तर या पेट्या सुरू झाल्या. दोन्ही पुऱ्या झाल्याशिवाय टेप लावायची नाही, असं दोघांचं ठरलेलं होतं.

"वर्ख आणखी एका फितीपुरता आहे," ती म्हणाली.

"आहे. पण हाताचं काय?"

"माझे आहेत की."

"मार्लिस, फट बघ केवढीशी. आणि तुझी बोटं..."

"जाड आहेत. ठाऊक आहे मला," असं म्हणून ती जिना चढून वर गेली.

परत आली ती लेफ्साची काठी घेऊन. नाताळात घरी बटाट्याच्या पोळ्या, म्हणजे लेफ्सा, व्हायच्या, आरपार दिसेल इतक्या पातळ. लाटलेली लेफ्सा या लांब, चपट्या काठीवर उचलायची आणि अलगद तव्यावर सोडायची. तिच्या आईच्या हातातलीच काठी ही. मार्लिसने तिच्यावरचं पीठ ॲप्रनने पुसलं, मग पुन्हा एकदा पुसलं.

व्हर्लिनने काठी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "लाकडाची," तो सावकाश म्हणाला. "चुंबक हिला हात लावणार नाही."

"मग बसलायस काय? ऊठ."

तिने पट्टीला धरून वर्खाची फीत कापली. त्याने ती दोन दातेरी चाकांमधून फिरवून घेतली. त्या कामाला थरथरता हात चालत होता. फितीला हव्या तशा बारीक चुण्या पडल्या. मार्लिसने ती काठीवर लांबच्या लांब निजवली आणि टेबलावर आडव्या ठेवलेल्या चुंबकांवर नेली.

एवढ्यात जिन्यावरचं दार उघडलं. मिनेसोटातला नोव्हेंबरचा वारा आत घुसला, त्याच्या मागे ड्वेन, हातात दोर.

"काय व्हर्लिन, कुठल्या पेट्या..."

"दार!" दोघं एकदम ओरडली.

मार्लिसने तळहाताचा आडोसा केला होता. फीत फडफडली आणि पुन्हा काठीवर टेकली.

"हळूच लाव," ती मान न वळवता म्हणाली. "आणि श्वास घेऊ नकोस."

"मला सर्दी झालीय."

"मग बाहेर थांब."

"त्यासाठी पुन्हा दार उघडावं लागेल."

"ड्वेन, नाक दाब!"

ड्वेन नाक दाबून पायरीवर बसला.

"जरा डावीकडे," व्हर्लिन कुजबुजला. "केसभर. ताणू नकोस हं. पण ढिलीही..."

"गप्प बस. लेफ्सा करताना बोलू देते का मी तुला?"

तिने काठी खाली नेली, मनगट किंचित कलवलं, आणि फीत फटीत उतरली. कुठेही न शिवता. दोन्ही टोकांचे पितळी स्क्रू तिनेच आवळले. मग तिघांनी मिळून सगळं पेटीत बसवलं, आणि तारा जोडून व्हर्लिनने टेप लावली.

आधी उजवीकडून मोठ्या घंटा आल्या, जड पावलांनी. मग मधल्या. मार्लिस पदपथावर बस येण्याची वाट बघावी तशी उभी होती, ॲप्रनचं टोक मुठीत धरून. आणि डावीकडून, अगदी वरून, एकच बारीक, स्वच्छ घंटा वाजली.

ड्वेनने दोर गुंडाळून खिशात कोंबला.

"सशांचं मी दुसरं काही बघतो," तो म्हणाला.

व्हर्लिन डाव्या पेटीकडेच पाहत होता.

"मार्लिस," तो म्हणाला, "तू उशिरा वाजवलीस. जरासाच. पण उशिरा."

"मग पुन्हा लाव," मार्लिस म्हणाली. "आणि नीट ऐक."