घरचं बियाणं

सासऱ्यांनी सकाळी तोडलेल्या दहा काकड्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि नर्सरीवाल्याला म्हणाले, "घ्या. हा मुद्देमाल."

नर्सरीवाला बिचारा पिशवी कुठे ठेवावी या विचारात उभा. त्याला वेल बघायला बोलावलं होतं. आत आल्यावर कळलं की इथे खटला चालू आहे. सून भिंतीला टेकून उभी होती. तिचा नवरा खुर्चीत बसून टेबलावरचा जुना डाग नखाने खरवडत होता.

"महिना झाला, रोज ताटात कडू काकडी येते," सासरे म्हणाले. "परसात जाणारी माणसं दोनच. मी आणि ही. मी काही माझ्याच वेलीच्या मुळावर उठणार नाही. तेव्हा हिने मुळाशी काय ओतलं, साबणाचं पाणी की आणखी काही, ते तुम्ही सांगायचं. तुम्ही सांगितलंत की येत्या रविवारी या दोघांनी आपलं बिऱ्हाड हलवायचं. मुलाला तसं सांगून ठेवलंय मी."

मुलाने मान वर केली नाही.

सासरे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तीस वर्षं दुसऱ्यांचे तराजू तपासण्यात गेली. खोट आपल्या घरातही असू शकते, हे त्यांच्या मनाला कधी शिवलं नाही. सुनेला कारण पक्कं ठाऊक होतं. पण तिला विचारलं होतं कोणी? महिनाभर तिच्यावर नुसते ओरडत होते.

नर्सरीवाला परसात जाऊन आला. त्याने माती हुंगली होती, पानं उलटी करून पाहिली होती.

"माती झकास आहे. पाणीही वेळेवर. कोणी काही ओतलं असतं तर वेल केव्हाच वाळून गेली असती. बी कुठून आणता?"

"आणायचं कशाला? घरचं बियाणं आहे. अकरा वर्षं झाली. दर हंगामात सगळ्यांत मोठी काकडी बियाण्याला राखून ठेवतो."

"चाखून?"

"बियाण्याची काकडी कोणी खातं का?"

"तिथंच घोळ आहे, काका. हा कडूपणा बियाण्यातच आहे. एकाच वेलीची एक गोड निघते, दुसरी कडूजहर. आणि हे काही महिन्याभरात झालेलं नाही. पहिल्या वर्षापासून दहातल्या तीन-चार कडू निघत असणार."

"अकरा वर्षांत एक निघाली नाही. या महिन्याआधी या टेबलावर एक जरी कडू फोड आली असेल तर मिशा उतरवीन."

"मग मात्र मलाच काही कळत नाही," नर्सरीवाला डोकं खाजवत म्हणाला.

"मी चाखत होते," सून म्हणाली.

तिघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"रोज. देठाकडचं टोक कापायचं, जिभेला लावायचं. कडू निघाली की सालांखाली दडपून खताच्या खड्ड्यात. तुमचा जीव आहे त्या वेलीवर, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता, पण रागाने कानशिलं तापली होती. "गेल्या महिन्यात पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणालात, पिकवतो मी, आणून देतो मी, हिला काय काम, ही फक्त चिरते. दुसऱ्या दिवसापासून मी फक्त चिरते."

नर्सरीवाल्याला हसू फुटलं, ते त्याने खोकून निभावलं.

"साफ खोटं," सासरे म्हणाले. "माझ्या बियाण्याला नावं ठेवते आहे."

सुनेने सुरी आणली. समोरची पहिली काकडी देठाजवळ कापली, टोक जिभेला लावून पाहिलं आणि एक फोड त्यांच्यापुढे केली. "चाखा."

सासऱ्यांनी फोड तोंडात टाकली. जबडा दोनदा हलला आणि थांबला. डोळ्यांत टचकन पाणी आलं. बेसिन दोन पावलांवर होतं, पण ते जागचे हलले नाहीत. मोठा आवंढा गिळून त्यांनी फोड आत ढकलली.

"गोड आहे," ते म्हणाले.

"गोड आहे? मग मी मुळाशी काय ओतलं?"

सासरे खिडकीबाहेर बघू लागले. तिने त्याच काकडीची दुसरी फोड कापून नवऱ्यापुढे धरली. सासऱ्यांचं तिला काही नव्हतं; ते असेच होते. अकरा वर्षं ज्याच्या ताटात निवडून गोड तेवढं वाढलं तो काय म्हणतो, एवढंच तिला ऐकायचं होतं.

नवऱ्याने फोड घेतली. बापाकडे पाहिलं. बाप आता खिडकीकडे नाही, त्याच्याकडेच बघत होता. त्याने फोड चावली. तोंड वेडंवाकडं झालं, डोळे मिटले.

"गोड आहे," तो म्हणाला.

नर्सरीवाल्याने पिशवी उचलली, "येतो हं," असं दाराशीच पुटपुटला आणि चपला धड पायात न अडकवताच बाहेर पडला.

"बरं," सून म्हणाली. तिने दहाच्या दहा काकड्या चिरल्या. सालासकट, जाड जाड. दोन ताटल्या शिगोशीग भरल्या. एक सासऱ्यांपुढे ठेवली, एक नवऱ्यापुढे. सासऱ्यांचा हात मिठाच्या बरणीकडे गेला, तेवढ्यात तिने बरणी उचलून कपाटात ठेवली. मग खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"संपवा लवकर," ती म्हणाली. "मला ताटल्या घासून निघायचंय."