टक् वाजतंय का?

नाथाजीनं बटण दाबलं, पण इंजिन खाली येईना.

बोट काठापासून ढकलून झाली होती. दादासोंना झोळीत घालून आणणारी माणसं गुडघाभर चिखलात उभी राहून बघत होती. मे महिन्यात कोयनेचं पाणी लांब आत सरतं, काठाला बुडालेल्या बांधांचे दगड आणि झाडांचे बुंधे वर येतात. म्हणून काठाशी येताना नाथाजीनं रोजच्यासारखं बटणावर इंजिन वर उचलून घेतलं होतं. आता पंखा पाण्याच्या हातभर वर अधांतरी, वारं उलटं आणि फळ्यांवर दादासो आडवे. सरपण काढताना हाताला नाग चावला होता. पलीकडं बामणोलीला रुग्णवाहिका येऊन थांबली होती.

इंजिन हातानं खाली सोडायचा एक स्क्रू असतो. तो गंजून बसलेला. पान्हा निसटला आणि नाथाजीच्या बोटांची सालटं निघाली. वल्ह्यानं एवढं पाणी कापायचं तर दिवस मावळला असता.

"काय झालं रं?" साळूबाईंनी विचारलं. नवऱ्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

"इंजिन खाली येईना, काकी."

दादासोंच्या पापण्या अर्ध्यावरच उघडल्या. उभी हयात त्यांनी फौजेत गाड्यांच्या वायरिंगची कामं केली होती.

"नाथा, वर जातंय का?"

नाथाजीनं वरचं बटण दाबलं. घुंई करत इंजिन बोटभर वर सरकलं.

"म्हंजी ब्याटरी बरी, मोटर बी बरी. आता खालचं दाब. टक् वाजतंय का?"

नाथाजीला नुसती स्वतःच्या छातीची धडधड ऐकू येत होती. "आवं तात्या, तुमी बोलू नगा."

"दाब तू."

साळूबाईंनी श्वास धरला. टक्.

"वाजलं," दादासोच म्हणाले. जीभ जड झाली होती. "म्हंजी बटण बरं. मोटरीला करंट सोडणारा रिले जळलाय. झाकण काढ. रिलेच्या दोन काळ्या डब्या असत्याल. एक वर न्हेणारी, एक खाली आणणारी. अदलाबदल कर त्यांची."

"मग वर न्यायचं कसं?"

"वर कुणाला न्यायचंय रं? खाली घे."

साळूबाईंना हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर डोळ्यांतनं पाणीही.

नाथाजीनं झाकण काढलं. दोन डब्या खरंच शेजारी शेजारी होत्या, एकीचा पाय करपून तांबूस झालेला. ओले हात त्यानं सदऱ्याला पुसले, दोन्ही उपसल्या, जागा बदलून बसवल्या. बटण दाबलं. इंजिन संथपणे खाली आलं, पंखा पाण्यात बुडाला.

"तात्या, आलं!"

दादासोंचे डोळे मिटले होते. साळूबाईंचा हात त्यांच्या छातीवर होता. "श्वास चाललाय," त्या म्हणाल्या. "तू म्होरं बघ."

नाथाजीनं बोट सोडली. मागं वळून बघायचं नाही, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

बामणोलीच्या काठालाही पाणी उथळच होतं, आणि आता इंजिन वर घेता येत नव्हतं. तसंच रेटलं तर पंखा दगडावर फुटायचा; पुन्हा डब्या बदलायच्या तर त्यात वेळ जायचा. त्यानं लांबच इंजिन बंद केलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "पाण्यात या! माणसाला घ्यायला या!"

काठावरची माणसं पाण्यात उतरली. रुग्णवाहिकेचा डॉक्टर, भजीच्या गाड्यावरची बाई, फिरायला आलेले कुणी पाहुणे, अंगावरच्या चांगल्या कपड्यांनिशी. स्ट्रेचर डोक्यावर धरून ती सगळी छातीभर पाण्यातनं काठाकडं निघाली. मागं पदर भिजत साळूबाई. निम्म्या माणसांची नावं नाथाजीला ठाऊक नव्हती. रुग्णवाहिका वळणाआड गेली तेव्हा त्यानं त्या सगळ्यांना हात जोडले. ते मात्र कपडे पिळण्यात गुंतले होते.

दिवस कलताना साताऱ्याहून साळूबाईंचा फोन आला.

"औशद लागू पडलं रं बाबा. डागदर म्हंत्यात, वाचलं. आत्ता डोळं उघडलं ह्यांनी."

"काय म्हनलं तात्या?"

"तोंडात नळी हाय, बोलता येत न्हाई. हातानं वल्हं मारल्यागत केलं, मग घास घेतल्यागत. मला आधी कळंचना." त्या थांबल्या. "इचारत्यात, नाथा जेवला का?"

"जेवतो," म्हणून नाथाजीनं फोन ठेवला. बोटीच्या टोकाला बसून सकाळपासून तसंच पडलेलं फडकं सोडलं. भाकरी वाळून कडक झाली होती. पहिला घास त्यानं कपाळाला लावला.