इंजिनाचं झाकण

निवृत्त मेकॅनिक आजोबांनी जेवणाच्या टेबलावर आपला युद्धातला हवाई तळ मांडला होता. घरचे वर्षभर मांडीवर ताट घेऊन जेवत होते. धावपट्टी, तंबू, करंगळीएवढी नऊ विमानं, सगळं जिथल्या तिथे. फक्त एका विमानाच्या इंजिनाचं झाकण उघडंच होतं. तिथे तांदळाएवढा मेकॅनिक वाकलेला, आणि शेजारी पिंपावर बसून चहा पिणारा तेवढाच पायलट.

"बाबा, लावून टाका की ते झाकण," सून म्हणाली. "बिचारा पायलट किती दिवस ताटकळणार?"

"ताटकळू दे. मेकॅनिकने सही केल्याशिवाय विमान हलत नाही."

***

खऱ्या तळावर, त्या सकाळी, त्यांनी घाईत सही केली होती, आणि "उरलेला चहा आल्यावर पितो" म्हणत पायलट निघून गेला होता.