पहिली उचकी

काचेच्या ओलसर पेटीत हेमांगीची लेक निजली होती. पाचव्या महिन्यातच जन्मलेली, ओंजळीत मावेल एवढी. तिची छाती हलत नव्हती, पण इस्पितळात कुणाला त्याचं नवल नव्हतं. एवढी कोवळी मुलं हल्ली कातडीनेच श्वास घेत. हेमांगीला मात्र त्या निश्चल छातीकडे पाहवत नसे.

"छातीखालचा पडदा अजून झोपलाय," डॉक्टर म्हणाले होते. "जागा झाला की आधी उचक्या लागतील. जितक्या लागतील, तितकं त्याला बळ येईल. मग ही नाकाने श्वास घेईल."

आज दुपारी ते इवलंसं पोट अचानक उडालं. मग पुन्हा. कुणी न शिकवता, आतून कुणी दार ठोठावावं तसं. हेमांगी भान हरपून बघत राहिली.

"अगंबाई, उचकी लागली," शेजारी बसलेली तिची नणंद शकूताई म्हणाली. "कोण गं आठवण काढतंय हिची?" आणि सवयीने ती एकेकाचं नाव घेऊ लागली. बरोबर नाव निघालं की उचकी थांबते ना. "आजी? मामा? धाकटी मावशी?"

उचकी चालूच होती.

"मग आता एकच माणूस उरला," शकूताई हसली. तिचा भाऊ दूर समुद्रात, बोटीवर होता. त्याने लेकीला अजून पाहिलंही नव्हतं.

ती नाव उच्चारणार, तोच हेमांगीने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"त्यांचं नाव नका घेऊ, ताई. काढू देत त्यांना आठवण."