चौघांपुरतं ऊन

वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर आता बाराही महिने ऊन मिळे, फक्त आधी नोंदवावं लागे. ढग बाजूला सारणारं यंत्र मात्र चौघांपेक्षा कमी माणसांसाठी सुरू करत नसत.

"काका, एकटेच?" नोंदणीच्या खिडकीतल्या मुलीनं विचारलं.

"सध्या," विधुर खांबेटे म्हणाले. हे 'सध्या' सहा वर्षं चाललं होतं.

"जुलैसाठी आणखी तीन एकटे आहेत."

खांबेट्यांचा चेहरा उजळला. गप्पांना माणसं! "मग घाला की आम्हाला एकत्र!"

"विचारलं हो. तिघंही म्हणतात, एकांतच हवाय."

"अर्थात, मलाही," खांबेटे घाईनं म्हणाले आणि ढगाळ आठवडा घेऊन मोकळे झाले.

जुलैत विश्रामगृहाच्या चार खिडक्यांत चार माणसं ढगांकडे बघत बसली होती.